तिसरा भाग कधी येणार?

३ फेब्रुवारी

छोट्या,

आशीर्वाद. साठी ओलांडलेल्या माणसाला छोट्या म्हणू नये हे मला कळतं. पण दुकानातली गिऱ्हाइकं तुला शेठ म्हणतात, तेवढा मान पुरे.

या महिन्याचा पुस्तकांचा गठ्ठा मिळाला. आधी तुझ्या शिफारशींचं काय झालं ते सांगते. दोन शेजाऱ्यांमधली सामाईक भिंत पाडायची की ठेवायची यावर अख्खी कादंबरी, हे वाचून मी नाक मुरडलं होतं. पण इथं हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात तिच्यावरून भांडणं चालू आहेत. मुंग्यांवरचं पुस्तक एका आजींनी नेलं. "यात कुणी मरत नाही ना?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुंग्या मरतात. म्हणाल्या, "तेवढं चालेल." जहाजावरच्या आचाऱ्याच्या आठवणी मात्र परत पाठवते आहे. पथ्यावरच्या माणसांपुढे पानंच्या पानं खाण्याची वर्णनं ठेवायची म्हणजे छळ आहे. तू ते उघडून तरी बघितलं होतंस का?

आता मुद्द्यावर येते. माझ्या हातून एक घोळ झालाय आणि तो निस्तरायला तुझी मदत हवी आहे.

हृदयाच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक गृहस्थ आहेत. आम्ही त्यांना क्रेनवाले म्हणतो. उभा जन्म बंदरात क्रेन चालवली. जहाज धक्क्याला लागेपर्यंत वर केबिनमध्ये बसून वाचायचे, त्यामुळे जाडजूड कादंबऱ्यांची सवय. माझी पुस्तकांची ट्रॉली सोमवारी आणि गुरुवारी वॉर्डातून फिरते आणि दर खेपेला मी गठ्ठ्यातली सगळ्यात जाड कादंबरी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवते. मागच्या सोमवारी बघितलं, तर पुस्तक छातीवर टेकवून वाचत होते आणि धाप लागली होती. म्हणून गुरुवारी मी त्यांना पक्ष्यांवरचं ते नवं पातळ पुस्तक दिलं. हलकं, चित्रांचं, छातीला भार नाही. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले.

काल कळलं की त्यांनी ऑपरेशनला नकार दिलाय. सिस्टरनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पुस्तकवाल्या बाईंना माझी फाइल दिसत असणार. मोठी कादंबरी पुरी व्हायची नाही, म्हणून या वेळी पातळ पुस्तक दिलं. मग कशाला उगाच चिरफाड करून घ्यायची?"

मला कुठली फाइल दिसते रे! मला खाटेवरचा नंबर चष्म्याशिवाय दिसत नाही. पण वॉर्डात हा समज पहिल्यापासून आहे म्हणे. जाड पुस्तक मिळालं तर दिवस आहेत, पातळ मिळालं तर आवरायला घ्या. इतकी वर्षं मी ट्रॉली ढकलते आहे आणि माणसं माझी पुस्तकं अशी वाचतात याचा मला पत्ताच नव्हता.

मी धावत जाऊन सांगितलं की तसलं काही नाही. हसले. म्हणाले, "तुम्ही चांगल्या बाई आहात. तुम्ही असंच म्हणणार." डॉक्टर म्हणतात, धोका आहे, पण पत्करण्यासारखा आहे. पार पडलं तर हा माणूस आणखी दहा वर्षं सहज काढेल. नाही केलं तर फार दिवस नाहीत. माझ्या एका पुस्तकापायी माणूस हातचा जाईल या विचारानं मला घास गोड लागत नाही. फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस. काहीतरी सुचव, आणि लवकर सुचव.

ताई

६ फेब्रुवारी

ताई,

पाया पडतो, म्हणजे पडलो असं समज. गुडघे आता ऐकत नाहीत.

आचारी परत आला. उघडून बघितला होता, थोडा चाळलाही होता. आलेलं सगळं वाचायचं ठरवलं तर मी दुकान कधी उघडायचं? पण मजकूर खमंग होता एवढं तरी कबूल कर.

क्रेनवाल्यांचं वाचून मीही हादरलो. पण आता लगेच जाड पुस्तक घेऊन धावू नकोस. माणूस काही खुळा नाही. समजूत काढायला आलीस हे त्यांना तू वॉर्डाच्या दारात असतानाच कळेल. त्याऐवजी एक कर. उद्या घरी जाणारा, हिंडता-फिरता कुणी दिसला की त्याला पातळ पुस्तक दे आणि ते सगळ्यांना दिसू दे.

आणि क्रेनवाल्यांना सोबतची कादंबरी दे. नवीन आहे. एका नावाड्याच्या तीन मुली, आणि बापामागे नाव कुणी चालवायची हा प्रश्न. पहिल्या भागात थोरली आहे. ती नाव विकायला काढते आणि शेवटचं गिऱ्हाईक परत पाठवते, ते प्रकरण वाचताना मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं होतं. ही चाळलेली नाही हं, अक्षरन् अक्षर वाचली आहे. दुसरा भाग मधलीचा. तोही पाठवतोय, पण आधी पहिलाच दे. तिसरा धाकटीचा. तो पुढच्या वर्षी यायचाय. एवढं त्यांच्या कानावर घाल, पण सहज बोलल्यासारखं.

दोन्ही भाग मध्यम आकाराचे आहेत, छातीवर मावतील.

शिवाय रस्त्यांना नावं कशी पडतात यावर एक मजेदार पुस्तक घातलंय. ते तुझ्यासाठी. वॉर्डात नेलंस तरी आधी तू वाच.

छोट्या

१३ फेब्रुवारी

छोट्या,

शाबास रे पठ्ठ्या!

सोमवारी क्रेनवाल्यांना पहिला भाग दिला. आधी हात पुढे करेनात. मग मागचा मजकूर वाचला, नावाड्याची गोष्ट म्हटल्यावर जरा सरसावून बसले. "किती भाग आहेत?" म्हणून त्यांनीच विचारलं. मी सांगितलं, दोन आलेत, तिसरा पुढच्या वर्षी. "नक्की?" म्हणाले. मी म्हटलं, माझा भाऊ या धंद्यात आहे, त्यानंच कळवलंय. त्यावर त्यांनी पुस्तक उशीशेजारी ठेवून दिलं. पण काल, गुरुवारी, मी वॉर्डात पाऊल टाकलं आणि तिकडून आवाज आला, "बाई, दुसरा भाग आणलात का?" पहिला संपलासुद्धा! आणि दुसरा हातात देताना हळूच म्हणाले, "डॉक्टरांना तारीख विचारलीय. आता त्या धाकटीचं काय होतं ते तरी बघायला हवं."

पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. सिस्टरनं मला जवळजवळ मिठीच मारली. मी तिला सांगितलं की अर्धी मिठी माझ्या भावाची, टपालानं पाठवते.

पहिला भाग आता माझ्याकडे आहे. भाजी दोनदा करपली. थोरलीवर मी फार रागावले आहे आणि ती बरोबर वागते आहे हेही मला दिसतंय. लेखिकेला हे साधतं कसं कोण जाणे.

वॉर्डात बातमी पसरलीय. माझ्यामागे सहा-सात जणांनी रांग लावली आहे. सगळ्यांना मी तिसऱ्या भागाचं सांगून ठेवलंय. तू आमच्यासाठी दोन प्रती आतापासून राखून ठेव. एकीवर क्रेनवाल्यांचं नाव घाल. ती मी त्यांच्या घरी नेऊन देणार आहे.

रस्त्यांच्या नावांचं पुस्तक छान आहे. पण शेवटी शेवटी लेखकाला स्वतःचाच आवाज फार आवडायला लागलाय.

तुझी खूश असलेली,
ताई

२० फेब्रुवारी

ताई,

काल ऑपरेशन झालं असेल. सबंध दिवस माझं लक्ष दुकानात नव्हतं. एका बाईंना मुलांचं चित्रांचं पुस्तक हवं होतं आणि मी त्यांच्या हातात करविषयक मार्गदर्शक ठेवलं. क्रेनवाल्यांना माझा नमस्कार सांग.

आता गंगेत घोडं न्हालंय, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकतो. प्रती राखायला सांगितल्यास म्हणून सांगणं भाग आहे. तिसरा भाग येणार नाहीये.

कादंबरी दोन भागांतच संपते. दुसऱ्याच्या शेवटी धाकटी नाव घेऊन निघते आणि लेखिकेनं तिला तिथंच पाण्यावर सोडून दिलंय. ती दुकानात आली होती तेव्हा मी तिला विचारलं होतं. म्हणाली, "त्या मुलीचं पुढं काय झालं ते मलाही माहीत नाही."

तुला हे मुद्दाम सांगितलं नाही. लहानपणापासून खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. क्रेनवाल्यांनी ते तेव्हाच ओळखलं असतं. म्हणून खोटं मी बोललो आणि तुला खरं बोलू दिलं. आता चिडशील. चिड. माणूस टेबलावरून जिवंत उतरला की मला सगळं कबूल आहे.

रांगेतल्या बाकीच्यांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू.

छोट्या

२३ फेब्रुवारी

छोट्या,

ऑपरेशन झालेलं नाही.

बुधवारी क्रेनवाल्यांना ताप भरला, म्हणून आठवडाभर पुढं ढकललं. आता येत्या शुक्रवारी आहे. तुझं पत्र आज दुपारी आलं.

किती हुशार रे तू! खोटं तू बोललास आणि मला खरं बोलू दिलंस म्हणे. खोटं तर माझ्याच तोंडून गेलं ना? "माझा भाऊ या धंद्यात आहे" हे मी छाती फुगवून सांगितलं होतं. आज ट्रॉली घेऊन गेले तर क्रेनवाले मला धाकटीबद्दल विचारत होते. ती नाव चालवेल की शहरात जाईल, असा त्यांचा आणि शेजारच्या खाटेवाल्याचा वाद चाललाय. तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणून मीही हौसेनं बोलले. आता मला माहीत आहे.

आईच्या वेळचं आठवतं का? आपण सगळ्यांनी मिळून तिला सांगितलं होतं की साधा अशक्तपणा आहे. तिला सगळं कळत होतं. आपण खोटं बोलतोय हेही कळत होतं, आणि म्हणूनच तिला आपल्यापाशी काही बोलता आलं नाही. शेवटचे दिवस भिंतीकडे तोंड करून काढले तिनं. ट्रॉली हातात घेतली तेव्हा मी एवढंच ठरवलं होतं की आजारी माणसाशी खोटं बोलायचं नाही, पुस्तकाबद्दलसुद्धा नाही. कंटाळवाणं असेल तर कंटाळवाणं म्हणायचं. लोक माझ्या हातून पुस्तक घेतात ते याच भरवशावर.

मी गुरुवारी त्यांना सांगणार आहे. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पाया पडतो, या वेळी खरोखर. सांगू नकोस.

मी चुकलो. मला वाटलं सगळं पार पडलंय. नाहीतर मी तोंड उघडलं नसतं. पण आता माझ्या चुकीची शिक्षा त्या माणसाला कशाला? फक्त शुक्रवार जाऊ दे. मग सांग, माझं नाव घेऊन सांग, वाटलं तर मी येऊन त्यांच्या खाटेशी उभा राहतो आणि कान धरतो. तू गुरुवारी सांगितलंस आणि त्यांनी पुन्हा नकार दिला तर? तुझं खरं बोलणं एका माणसाच्या जिवापेक्षा मोठं आहे का?

आईचं मला आठवतं. पण आई वाचणार नव्हती, ताई. हा माणूस वाचू शकतो.

कुरिअरवाल्याला हातापाया पडून हे आजच देतोय. गुरुवारच्या आधी मिळू दे.

छोट्या

२७ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं पत्र मिळालं, पण मी काल दुपारी सांगून घरी आले, त्यानंतर. आधी मिळालं असतं तरी सांगितलंच असतं.

गेले तेव्हा दुसरा भाग त्यांच्या हातात होता. म्हणाले, "मधली हुशार आहे, पण माझा जीव धाकटीवर. तिची पाळी तिसऱ्यात." मी स्टूल ओढून बसले. मी कधी बसत नाही. त्यांनी पुस्तक मिटलं.

"तिसरा भाग नाहीये," मी म्हटलं. "माझ्या भावानं मला खोटं सांगितलं आणि मी ते खरं समजून तुम्हाला सांगितलं."

"त्यांनी का सांगितलं तसं?"

"तुम्ही ऑपरेशनला हो म्हणावं म्हणून."

"आणि तुम्ही हे आज सांगताय? उद्या ऑपरेशन आहे."

"उद्या आहे म्हणूनच."

त्यांनी पुस्तकातली खूण काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. मग एकदम माझ्याकडे वळले. "मग ते पक्ष्यांचं पुस्तक?"

"तुम्हाला धाप लागत होती. छातीवर जड पुस्तक नको म्हणून हलकं दिलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि फाइल?"

"मी जन्मात कुणाची फाइल बघितलेली नाही."

"कमाल आहे," म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला तेव्हा मी पाणी दिलं. मग म्हणाले, "इथं आल्यापासून जो तो माझ्याशी गोड बोलतोय. डॉक्टर गोड, सिस्टर गोड, मुलगी फोनवर गोड. त्यामुळे कुणाचंच खरं वाटेना. तेवढं एक पातळ पुस्तक मला खरं वाटलं होतं." मग म्हणाले, "तुम्ही जा आता. मला जरा विचार करू द्या." हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पुस्तक मी तिथंच ठेवलं.

माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. माझा वार नव्हता, तरी आज सकाळी गेले. खाट रिकामी होती आणि एक बाई चादर बदलत होती. मला वाटलं, घरी गेले. सिस्टर म्हणाली, "अहो, आत नेलंय त्यांना. काल संध्याकाळी डॉक्टरांना बोलावून घेतलं. धोका किती, जगण्याची शक्यता किती, सगळं नीट विचारलं. 'गोड करून सांगू नका' म्हणाले. मग सही केली."

दुपार झाली. अजून आतच आहेत. मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे.

ताई

२ मार्च

ताई,

तुझं पत्र बाकापाशीच संपलंय. पुढं काय झालं? फोनपाशी जातो, रिसीव्हर उचलतो आणि परत ठेवतो. ऐकू येत नाही याची या जन्मात पहिल्यांदा सोय वाटली.

तू बरोबर होतीस असं मी अजून म्हणत नाही. आधी माणूस बरा होऊ दे. पण सकाळी एकानं एका नव्या चरित्राबद्दल विचारलं. नेहमीचं "अप्रतिम आहे, घेऊन टाका" जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "वाचलेलं नाही." तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू माझी तब्येत बरी नाही. मग म्हणाला, "बरं, तुम्ही वाचलेलं एखादं द्या." मला आठवायला वेळ लागला, हे तुला म्हणून सांगतो.

काय असेल ते लिही. बरं-वाईट काहीही असो.

छोट्या

९ मार्च

छोट्या,

क्रेनवाले गेले.

ऑपरेशन नीट झालं होतं. दुसऱ्या दिवशी बोलत होते. सोमवारी मी गेले तेव्हा उशीला टेकून बसले होते. हात उचलवत नव्हता म्हणून पुढचं प्रकरण मी वाचून दाखवलं. मधलीचं लग्न ठरतं आणि ती मुलाला वल्हवायला शिकवते, ते. मिटल्या डोळ्यांनी हसत होते. बुधवारी सकाळी चहा घेताना हृदय थांबलं. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली. असं कधी कधी होतं, म्हणाले.

तुला लगेच कळवलं नाही. मला पेनच उचलवेना. तुझ्या खोट्यानं त्यांना ऑपरेशनच्या दारापर्यंत नेलं आणि माझ्या खऱ्यानं आत ढकललं, असंच रात्रंदिवस डोक्यात चाललं होतं. तू पातळ पुस्तकाबद्दल मला एका शब्दानं बोलला नाहीस, पण तिथूनच सगळं सुरू झालं, हे काय मला कळत नाही?

आज ट्रॉली घेऊन गेले तर त्यांच्या खाटेपाशी त्यांची मुलगी उभी होती. सामान न्यायला आली होती. "पुस्तकवाल्या बाई तुम्हीच ना?" म्हणाली. मनात म्हटलं, आता जे बोलेल ते खाली मान घालून ऐकून घ्यायचं.

ती म्हणाली, "ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. म्हणाले, उद्या जातोय. काही कमीजास्त झालं तर पुस्तकवाल्या बाई आणि त्यांचे भाऊ जिवाला लावून घेतील. त्यांना सांग, मला कुणी फूस लावली नाही. सगळं ऐकून घेऊन माझं मी ठरवलंय."

ती म्हणाली, "मला यातलं काही कळलं नाही. तुमच्या भावांचा काय संबंध?" मग मी तिला सगळं सांगितलं. पक्ष्यांच्या पुस्तकापासून तिसऱ्या भागापर्यंत, काही न वगळता. ऐकता ऐकता तिला हसूही आलं आणि रडूही. जाताना दोन्ही भाग मागून घेतले. मी दिले.

त्यांनी निरोपात तुझाही उल्लेख केला, म्हणून घरी येऊन चपलासुद्धा न काढता लिहायला बसले. शुक्रवारपर्यंत ते खोटं आपण झाकून ठेवलं असतं तर क्रेनवाले ऑपरेशनला आपण पाठवलं म्हणून गेले असते. मग हा निरोप आपल्याला आला नसता आणि आपल्याला त्यांच्यासाठी रडायचीही लाज वाटली असती. ते आपले आपण गेले, छोट्या. मला आज पोटभर रडता येतंय. तूही रडून घे, आणि मग दुकान उघड.

ताई